सुखाचे अर्थशास्त्र आणि गावाची नाती

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागात, सह्याद्रीच्या कुशीत वसलेले घोटी हे इगतपुरी तालुक्यातील प्रमुख व्यापारी गाव होय. मुंबई-आग्रा महामार्ग आणि मध्य रेल्वेचा लोहमार्ग यांनी ते मुंबई व नाशिक या दोन्ही शहरांशी जोडलेले आहे. येथूनच एक रस्ता सिन्नरकडे, तर दुसरा भंडारदऱ्याकडे जातो. तालुक्यात पाऊस मुबलक असल्याने भात हे मुख्य पीक, आणि भातामुळेच घोटीला भातगिरण्या, बाजार समिती आणि आसपासच्या खेड्यापाड्यांतील ग्राहकांची वर्दळ लाभली.

अशा गावाची प्रगती मोजावयाची झाल्यास मापे ठरलेली आहेत. बाजारात किती भात आला, त्याला काय भाव मिळाला, किती घरे पक्की झाली, किती कुटुंबांकडे वाहन आले, यांची नोंद केली जाते. ही मापे आवश्यकच आहेत. तथापि, ज्या माणसांसाठी हा विकास करावयाचा ती माणसे समाधानाने जगतात काय, या प्रश्नाचे उत्तर त्या नोंदींतून मिळत नाही. गेल्या पन्नास वर्षांत अर्थशास्त्राच्या एका शाखेने नेमका हाच प्रश्न हाती घेतला आहे. ‘सुखाचे अर्थशास्त्र’ या नावाने ती ओळखली जाते. या शाखेच्या अभ्यासातून पुढे आलेली एक गोष्ट ग्रामीण भागात काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घेण्याजोगी आहे. माणसाच्या समाधानात उत्पन्न आणि आरोग्य यांच्या जोडीने आपल्या माणसांच्या आधाराचा वाटा फार मोठा असतो. म्हणून एखाद्या योजनेने गावाचे उत्पन्न किती वाढविले हे पाहताना तिने गावातील नाती जोडली की तोडली, हेही पाहणे अगत्याचे ठरते.

सुख मोजता येते काय?

सुख ही मनाची अवस्था; तिचे मोजमाप कसे करावयाचे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी १९६५ साली त्यासाठी एक साधी रीत मांडली. शून्यापासून दहापर्यंत पायऱ्या असलेली एक शिडी डोळ्यांपुढे आणावी. सर्वांत वरच्या पायरीवर आपल्या कल्पनेतील उत्तमातले उत्तम आयुष्य, तर सर्वांत खालच्या पायरीवर वाईटातले वाईट. आज आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत, एवढेच सांगावयाचे. ही उत्तरे लहरीनुसार दिली जात असतील, अशी भीती होती; पण अनुभव वेगळा आला. दीर्घ आजार, बेकारी, जोडीदाराचा वियोग अशा प्रसंगी माणसे खालची पायरी सांगतात, आणि अडचण दूर झाली की बहुधा पुन्हा वर येतात. म्हणजेच ही शिडी ढोबळ असली, तरी निरुपयोगी नाही.

या प्रकारच्या उत्तरांच्या आधारे रिचर्ड ईस्टरलिन या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ साली एक कोडे जगापुढे ठेवले. कोणत्याही एका वेळी पाहिले तर देशातील श्रीमंत माणसे गरिबांपेक्षा अधिक समाधानी आढळतात. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पाव शतकात अमेरिकेचे दरडोई उत्पन्न कितीतरी वाढले असतानाही तेथील सरासरी समाधान त्या प्रमाणात वाढलेले दिसले नाही. याची दोन कारणे दिली जातात. एक, माणूस आपली स्थिती शेजाऱ्याशी ताडून पाहतो. सर्वांचेच उत्पन्न वाढले की तुलनेत कोणीच पुढे जात नाही. दुसरे, नव्या सोयीची सवय लवकर जडते. घरात पहिल्यांदा वीज आली त्या दिवसाचा आनंद वर्षानंतर उरत नाही. वीज गेली की मात्र चीड येते.

ईस्टरलिन यांचे प्रतिपादन सर्वमान्य झाले आहे, असे नाही. २००८ साली बेट्सी स्टीव्हन्सन आणि जस्टिन वुल्फर्स यांनी अनेक देशांची आकडेवारी तपासून, उत्पन्नाबरोबर समाधानही वाढते, असा निष्कर्ष काढला. मात्र ही वाढ कशी होते, हे समजून घेतले पाहिजे. ती रुपयागणिक होत नसून पटीगणिक होते. महिना दहा हजार रुपये मिळविणाऱ्याचे उत्पन्न वीस हजार झाल्याने त्याचे समाधान जेवढे वाढेल, तेवढेच वाढण्यासाठी महिना एक लाख मिळविणाऱ्याचे उत्पन्न दोन लाख व्हावे लागेल. याचा व्यावहारिक अर्थ असा की, गरिबाच्या हाती पडलेला रुपया संपन्न माणसाच्या रुपयाहून कितीतरी पटीने समाधान निर्माण करतो. सुखाच्या अर्थशास्त्रामुळे दारिद्र्यनिर्मूलनाचे महत्त्व कमी होते, हा समज म्हणून चुकीचा आहे. उलट, त्याच्या बाजूने मिळालेला तो एक भक्कम पुरावा होय.

नात्यांचे मोल

पैशाखेरीज समाधानात आणखी कशाचा वाटा असतो, याचे उत्तर शोधताना अभ्यासक पुनःपुन्हा एकाच ठिकाणी येऊन पोहोचले. रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेली कोलकात्यातील पाहणी या दृष्टीने बोलकी आहे. झोपडपट्टीतील रहिवासी, पदपथावर राहणारी माणसे आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया अशा तीन गटांशी ते बोलले. एकंदर आयुष्याविषयीचे या माणसांचे समाधान शहरातील मध्यमवर्गीय विद्यार्थ्यांपेक्षा कमीच होते. पण अपेक्षिले होते तितके ते कमी नव्हते. कुटुंब आणि मित्रपरिवार यांच्याविषयी विचारले असता उत्तरे स्पष्टपणे समाधानाकडे झुकलेली होती. दारिद्र्याचा मार सोसण्याचे बळ या माणसांना त्यांच्या नात्यांतून मिळत होते, असे त्या पाहणीवरून दिसते.

नात्यांचा संबंध केवळ मनाशी नसून शरीराशीही आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ साली काही तरुणांच्या आयुष्याचा मागोवा घेण्यास प्रारंभ केला. आठ दशकांहून अधिक काळ चाललेल्या या अभ्यासात, म्हातारपणी कोण निरोगी व समाधानी राहील हे ओळखण्यास आपुलकीचे संबंध ही एक महत्त्वाची खूण ठरली. २०१० साली १४८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा ज्यांचे सामाजिक संबंध बळकट आहेत त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक असल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा जाणवतो आणि त्याच्याशी निगडित मृत्यूंची संख्या वर्षाला आठ लाखांहून अधिक आहे. एकाकीपणा हा आता सार्वजनिक आरोग्याचा विषय मानला जाऊ लागला आहे, तो यामुळेच.

भूतानने १९७० च्या दशकापासून सकल राष्ट्रीय सुखाची कल्पना राज्यकारभारात आणली. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाने २०१२ साली २० मार्च हा आंतरराष्ट्रीय आनंद दिन म्हणून जाहीर केला, आणि त्याच वर्षापासून जागतिक आनंद अहवाल निघू लागला. २०२५ च्या अहवालात १४७ देशांमध्ये भारताचा क्रमांक ११८ वा होता. या क्रमांकापेक्षाही विचार करावयास लावणारी बाब त्या पाहणीतील एका प्रश्नात आहे. ‘अडचणीच्या वेळी धावून येतील असे नातेवाईक किंवा मित्र तुम्हांला आहेत काय?’ या प्रश्नाला ‘होय’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण भारतात जागतिक सरासरीहून कमी येत राहिले आहे. आपल्याकडे पैसा कमी असला तरी माणुसकी भरपूर आहे, असे आपण अभिमानाने म्हणतो. हा आधार सर्वांना सारखा लाभत नाही, याची जाणीव त्या उत्तरातून होते. कोणाला तो लाभतो व कोणाला लाभत नाही, हे गावपातळीवरच शोधावे लागेल.

आवणीचे गणित

नात्यांचे आर्थिक मोल कसे असते, हे भातशेतीइतके स्पष्टपणे क्वचितच दुसरीकडे दिसते. इगतपुरी तालुक्यात भाताच्या लावणीला ‘आवणी’ म्हणतात. आधी राब भाजून रोपे तयार करावयाची, पाऊस झाला की खाचरात चिखलणी करावयाची आणि योग्य वयाची रोपे उपटून ती चिखलात लावावयाची, असा हा क्रम आहे. हे काम मनास येईल तेव्हा करता येत नाही. रोपे जून झाली तर फुटवे कमी येतात. खाचरातील पाणी ओसरले तर चिखल घट्ट होतो. त्यामुळे साऱ्या शिवाराला एकाच वेळी माणसांची गरज भासते.

महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांत शेतकऱ्यांनी या अडचणीवर पिढ्यान्‌पिढ्या एकच उपाय योजला आहे. कोठे त्याला सावड म्हणतात, कोठे इर्जिक, कोठे वारंगुळा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागात आदिवासी बांधव भातखाचरे तयार करण्यासाठी एकत्र येतात, त्या प्रथेस पडकई असे नाव आहे. आज सर्वांनी माझ्या शेतात राबावे, उद्या मी तुमच्या शेतात राबेन, हे या सर्वांमागचे तत्त्व.

समजा, एका वस्तीवर दहा घरे आहेत, प्रत्येक घरात काम करणारी दोन माणसे आहेत आणि प्रत्येकाच्या खाचराची आवणी करण्यास वीस माणसांचा एक दिवस लागतो. प्रत्येक घराने आपापले काम केले, तर दोन माणसांना दहा दिवस लागतील. सर्वांनी मिळून रोज एकेक शेत हाती घेतले, तरीही दहा शेतांना दहाच दिवस लागतील. वरवर पाहता फायदा काहीच नाही. परंतु पहिल्या रीतीत प्रत्येक शेत दहा दिवस अर्धवट राहते. चिखल पुनःपुन्हा करावा लागतो, रोपांच्या वयात अंतर पडते, आणि दहाव्या दिवसापूर्वी कोणाचेच काम उरकत नाही. दुसऱ्या रीतीत एका दिवसात एक शेत पुरे होते. ज्या खोलगट खाचरात पाणी आधी साठते ते आधी, उंचावरचे नंतर, असा क्रम लावता येतो. ज्याच्याकडे बैलजोडी नाही तो चिखलणीच्या बदल्यात आपल्या अंगमेहनतीचे दिवस देतो. एखाद्या घरातील माणूस आजारी पडला, तर त्याचे राहिलेले दिवस कापणीच्या किंवा झोडणीच्या वेळी फेडले जातात. कागद नाही, व्याज नाही, तरी हा उधारीचाच व्यवहार आहे. त्याला तारण आहे ते केवळ परस्परांच्या विश्वासाचे.

या व्यवहाराला आणखी एक अंग आहे. वीस माणसे एका रांगेत वाकून काम करताना थट्टा होते, गाणी होतात, घरच्या अडचणी कानावर जातात, मुलामुलींची स्थळे सुचविली जातात आणि दुपारी बांधावर एकत्र भाकरी खाल्ली जाते. बाजारात विकत मिळणारी वस्तू विकणारा कोण आहे यावर अवलंबून नसते. सोबतीचे मात्र तसे नाही; ती दोघांनी मिळूनच निर्माण करावी लागते व मिळूनच उपभोगावी लागते, आणि एकाने अंग काढून घेतले की दोघांचीही जाते. धान्य खर्चल्याने कमी होते. विश्वास वापरल्याने वाढतो.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या सावडीला वेगळे स्थान नाही, कारण तेथे पैशाची देवघेव होत नाही. हीच आवणी मजुरी देऊन करून घेतली की तेवढी रक्कम मजुरी म्हणून हिशेबात दिसते. शेत तेच, रोपे तीच, कामही तेवढेच; बदलला तो केवळ माणसांमधील संबंध.

दुष्काळातील न लिहिलेला विमा

नाती केवळ श्रमच वाटून घेतात असे नाही. ती संकटही वाटून घेतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेने १९७५ पासून काही गावांतील कुटुंबांच्या जमाखर्चाची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. त्यांत सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातील कंझरा ही महाराष्ट्रातील दोन गावे होती. या नोंदींच्या आधारे रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ साली एक गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. कोरडवाहू शेतीमुळे एकेका कुटुंबाचे उत्पन्न दरसाल खूप वरखाली होत होते. पण त्या कुटुंबाचा खाण्यापिण्याचा खर्च त्या प्रमाणात वरखाली होत नव्हता. तो गावाच्या सरासरीबरोबर चालत होता. म्हणजेच एकाचे पीक बुडाले तर उसनवारी, हातउसने धान्य, भेटी व मदत या मार्गांनी गाव त्याला बऱ्याच अंशी सावरून धरीत होते. कोणत्याही कार्यालयात नोंद नसलेला हा विमाच होता.

याच गावांच्या नोंदींवरून मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली. लेकी दूरच्या गावी दिल्याने ज्या कुटुंबांचे सोयरसंबंध पसरलेले होते, त्यांना वाईट वर्षांत अन्नाची चणचण कमी भासली. एका गावी पाऊस दडी मारतो तेव्हा दूरच्या सोयऱ्याच्या गावी तो पडलेला असू शकतो. सोयरीक ही अशा रीतीने दोन हवामानांनाही जोडीत असते.

या विम्याला मर्यादा आहेत, हेही तितकेच खरे. भूमिहीन मजुराला तो शेतकऱ्याइतका लाभत नव्हता. शिवाय सारा मुलूखच होरपळला, तर शेजारी शेजाऱ्याला काय देणार? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र शासनाला रोजगार हमी योजना हाती घ्यावी लागली आणि १९७७ साली तिला कायद्याचे रूप दिले गेले, ते याच कारणाने. नाती आणि शासन ही एकमेकांची जागा घेणारी नाहीत. नात्यांचा आधार जेथे संपतो तेथे शासनाने उभे राहावयाचे असते, आणि शासनाची मदत घरापर्यंत पोहोचण्यास पुन्हा गावातील माणसांचाच हात लागतो.

नात्यांची दुसरी बाजू

गावातील नाती ही सर्वस्वी सुखाचीच असतात, असे मानणे भाबडेपणाचे होईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ग्रामव्यवस्थेच्या गौरवावर परखड टीका केली होती. ज्यांना पाणवठ्यावर आणि पंगतीत स्थान नव्हते, त्यांच्या दृष्टीने गावाचा एकोपा हा बहिष्काराचेच दुसरे नाव होता. आधार देणारे जाळे आणि जखडून ठेवणारे जाळे पुष्कळदा एकाच सुताचे विणलेले असते.

कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या मुंबईतील दादर भागाच्या अभ्यासात याचे वेगळे उदाहरण सापडते. काही श्रमजीवी जातींतील मुलग्यांना जातभाईंच्या ओळखीने ठराविक कामे मिळत आली होती. नव्या अर्थव्यवस्थेत वेगळे शिक्षण अधिक लाभाचे ठरू लागले, तरी हे मुलगे जुन्याच वाटेने जात राहिले. ज्या ओळखींनी बापाला काम दिले त्यांनीच मुलाची वाट अडविली. त्याच घरांतील मुली मात्र त्या ओळखींच्या बाहेर असल्याने नव्या शिक्षणाकडे लवकर वळल्या.

नाती जपण्याचा भारही सर्वांवर सारखा पडत नाही. केंद्रीय सांख्यिकी यंत्रणेच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे देतात, असे आढळले. वृद्धांची सेवा, आल्यागेल्याचे स्वागत, सणवार या साऱ्यांतून घराची नाती टिकतात, आणि ते काम मुख्यतः स्त्रियाच करतात. लग्नसमारंभातील चढाओढीचेही तसेच आहे. शेजाऱ्याच्या मांडवापेक्षा आपला मांडव मोठा हवा, या ईर्षेने काढलेले कर्ज हे नात्यांतूनच आलेले दुःख होय.

प्राध्यापक अमर्त्य सेन यांनी दिलेला इशारा येथे ध्यानात ठेवावा लागतो. वर्षानुवर्षे वंचित राहिलेला माणूस आपल्या अपेक्षाच आखडून घेतो आणि थोडक्यात समाधान मानतो. तो ‘बरे चालले आहे’ म्हणतो, एवढ्यावरून त्याला न्याय मिळाला असे होत नाही. यास्तव समाधानाची शिडी शिक्षण, आरोग्य आणि हक्क यांच्या जोडीने वापरावयाची आहे.

घोटी परिसरातील स्थित्यंतर

या पार्श्वभूमीवर घोटीच्या परिसरात होत असलेले बदल पाहावे लागतील. आवणीची कामे आता पुष्कळ ठिकाणी रोजंदारीने किंवा उक्त्या पद्धतीने होतात. त्यासाठी आसपासच्या आदिवासी भागातून मजुरांचे जथे येतात. गोंदे-वाडीवऱ्हे पट्ट्यातील कारखान्यांमुळे तरुणांना शेतीबाहेर काम मिळाले आहे. या बदलाने मजुराच्या हाती रोख पैसा आला आणि कोणाच्या उपकाराखाली राहण्याची गरज उरली नाही, ही जमेची बाजू लहान नाही. सावडीत ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला परतफेड म्हणून काय मिळणार होते? नावेच्या बाजूला असे आहे की, अल्पभूधारकाला ऐन हंगामात वाढलेली मजुरी परवडत नाही, आणि परगावाहून आलेला मजूर मात्र ज्या गावात महिनाभर राबतो तेथे कोणाचाच शेजारी नसतो. त्याच्याबरोबर आलेल्या मुलांची शाळा तुटते, ती वेगळीच.

दुसरे स्थित्यंतर जमिनीसंबंधीचे आहे. इगतपुरी हा धरणांचा तालुका म्हणून ओळखला जातो. दारणा धरण १९१६ साली पूर्ण झाले. त्यानंतरच्या काळात वैतरणा, मुकणे, भावली, भाम अशी धरणे झाली. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गही या तालुक्यातून गेला असून इगतपुरी ते आमणे हा त्याचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. या प्रकल्पांनी शेतीला व शहरांना पाणी दिले, अंतरे कमी केली, रोजगार आणला. त्यासाठी ज्यांनी जमिनी दिल्या त्यांना द्यावयाचा मोबदला जमिनीच्या, घराच्या व झाडांच्या किमतीवरून ठरतो. आवणीला येणारा भाऊबंद, रात्री-अपरात्री हाकेला धावणारा शेजारी, उसनी पायली देणारे घर यांची किंमत कोणत्याही पंचनाम्यात नोंदविता येत नाही. हाती आलेली रक्कम बँकेत जमा होते. तुटलेला शेजार कोठेच जमा होत नाही.

२०१३ च्या भूसंपादन व पुनर्वसन कायद्याने या उणिवेची काही प्रमाणात दखल घेतली आहे. त्यात सामाजिक परिणामांच्या मूल्यनिर्धारणाची तरतूद आहे. अनुसूचित जमातींच्या बाधित कुटुंबांचे पुनर्वसन शक्यतो त्याच अनुसूचित क्षेत्रात, एकसंध वस्तीत करावे, जेणेकरून त्यांची सांस्कृतिक ओळख टिकून राहील, असेही तो कायदा सांगतो. इगतपुरी तालुक्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात मोडत असल्याने या तरतुदीला येथे विशेष महत्त्व आहे. शेजार ही जपण्याजोगी मालमत्ता आहे, हे तत्त्व या तरतुदीत अप्रत्यक्षपणे मान्य झाले आहे.

ग्रामपंचायतीस काय करता येईल?

नाती शासननिर्णयाने निर्माण करता येत नाहीत. त्यांना वाव मात्र देता येतो. ग्रामपंचायत, शाळा आणि शासकीय यंत्रणा यांना पुढील गोष्टी फारशा खर्चाशिवाय करता येण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे आधार नसलेल्यांचा शोध. गावाचा विकास आराखडा तयार करताना घरोघर माहिती गोळा केली जाते. त्या वेळी ‘अडचणीत धावून येणारे कोणी आहे काय?’ हा एक प्रश्न जोडता येईल. ही विचारपूस आस्थेने व्हावी आणि उत्तरे चव्हाट्यावर येऊ नयेत. एकटे राहणारे वृद्ध, विधवा, गावाबाहेरच्या पाड्यावरील कुटुंबे, नव्याने आलेले भाडेकरू यांची स्थिती त्यातून उघड होईल. प्रत्येक ग्रामसभेपूर्वी भरणाऱ्या महिला सभेत या प्रश्नाची चर्चा विशेष मोकळेपणाने होऊ शकेल.

दुसरी गोष्ट म्हणजे एकत्र येण्याच्या जागा. पार, चावडी, वाचनालय, खेळाचे मैदान, सप्ताहाचा मंडप या गावाच्या भेटीगाठींच्या जागा होत. रस्ता रुंद करताना पार गेला, तर त्याच्या बदली दुसरी सावलीची जागा आराखड्यातच दाखविली पाहिजे. अशी जागा कोणत्याही जातीच्या, वयाच्या व्यक्तीला आणि स्त्रियांनाही निःसंकोच बसता येईल अशी असावी.

तिसरी गोष्ट सावडीला नवे रूप देण्याची. शेतकरी गट किंवा महिला बचत गट यांनी पॉवर टिलर, भात लावणीची व मळणीची यंत्रे सामाईक ठेवून पाण्याच्या उपलब्धतेनुसार शेतांचा क्रम ठरविल्यास अल्पभूधारकांचा खर्च वाचेल. श्रमाच्या दिवसांची नोंद एका वहीत राहिली, तर जुन्या प्रथेतील विश्वासाला हिशेबाची जोड मिळेल आणि भूमिहीनालाही त्याच्या दिवसांचे मोल रोखीने देता येईल.

चौथी गोष्ट परगावच्या मजुरांसंबंधीची. हंगामापुरता निवारा, पिण्याचे पाणी, आणि त्यांच्या मुलांना गावच्या शाळेत तात्पुरता प्रवेश, एवढी व्यवस्था केली तर महिनाभरासाठी का होईना, ती माणसे गावाची होतील.

पाचवी गोष्ट शाळेच्या हातातील आहे. २०२५ च्या जागतिक आनंद अहवालात, इतरांच्या सोबतीने जेवणारी माणसे अधिक समाधानी असतात, असा निष्कर्ष मांडलेला आहे. शालेय पोषण आहाराच्या वेळी सर्व मुले एका पंगतीत, जातपात न पाहता, आलटूनपालटून शेजारी बसतील याकडे शिक्षकांनी लक्ष दिले, तर सामाजिक नात्यांचा तो रोजचा पाठ ठरेल.

सहावी गोष्ट तंट्यांची. १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचा वाद न्यायालयात गेला की पैसा आणि वेळ जातो, आणि दोन घरांचा शेजारही पिढ्यांपुरता जातो. तडजोड मात्र न्यायाची असावी. दुर्बलाला गप्प बसवून मिळविलेली शांतता टिकत नाही.

सातवी आणि अखेरची गोष्ट पुनर्वसनाची. नव्या गावठाणात भूखंडांचे वाटप करताना जुन्या वस्तीतील शेजारी शक्यतो शेजारीच राहतील, असा नकाशा संबंधित कुटुंबांना विचारूनच तयार करावा. भूखंडांची संख्या वा क्षेत्र यात त्यामुळे काही फरक पडत नाही. पडतो तो तेथे राहावयास जाणाऱ्यांच्या आयुष्यात.

विकासाची कामे करताना रस्त्याची लांबी, इमारतीची किंमत आणि लाभार्थींची संख्या यांचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो दिलाच पाहिजे. त्याबरोबर, या कामानंतर गावातील माणसे एकमेकांच्या अधिक जवळ आली की दूर गेली, हा प्रश्न ग्रामसभेने स्वतःला विचारावयास हवा. भाताचे पीक एका हंगामात हाती येते. शेजार उभा राहावयास पिढ्या लागतात. म्हणून नव्या कामाची आखणी करतानाच त्याचाही विचार झाला पाहिजे.